माळशिरस-नायगाव पट्ट्यातली गावफेरी : एका निवृत्त भूकरमापकाचा अभिप्राय

पुरंदर तालुक्यात, भुलेश्वरच्या डोंगराच्या दक्षिण अंगाला, माळशिरस आणि नायगावच्या मधल्या पट्ट्यात, एक शेतकरी नवरा-बायको दर रविवारी आपल्या वाडीची फेरी घडवतात. पाटी नाही, वेबसाइट नाही, फेरीला नावसुद्धा दिलेलं नाही. आधी फोन करायचा आणि सकाळी साडेसातला हजर व्हायचं. माणशी ४५० रुपये, शाळकरी मुलांना १५०. त्यात चहा, साधारण पाच किलोमीटरचं चालणं आणि जेवण. दुपारी दोनपर्यंत आपण मोकळे. माझी सगळी नोकरी भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणारा, म्हणून गेली, त्यातली बरीचशी पुणे जिल्ह्यातच. शिवारात टेबल लावून उभा राहिलेला माणूस गावाकडे निराळ्या नजरेनं बघतो. कुणाचा बांध कुठून वळला, ओढ्यानं कुणाची जमीन खाल्ली, पाणंद कुठे बुजली, हे त्याला आधी दिसतं. त्या नजरेनं मी ही फेरी केली आणि मला ती फार आवडली. जिथं ती कमी पडते तेही लिहितो, कारण चालवणाऱ्यांनी स्वतःच तसं सांगितलं आहे.

पुण्याच्या आसपास कृषी पर्यटन आता भरपूर झालंय. मी नातवंडांना घेऊन काही ठिकाणी गेलो आहे. बैलगाडीत बसा, हुरडा खा, पोहण्याचा हौद, फेटा बांधून फोटो. मुलं खूश होतात, त्यात वाईट काही नाही. पण त्या जागेचं गाव कोणतं, ते तिथंच का वसलं, पाणी कुठून येतं, हे विचारलं तर सांगणारं कुणी भेटत नाही. या फेरीत बैलगाडी नाही. पुरंदर तालुका म्हटल्यावर कुणीही किल्ला आणि १६६५ च्या तहापासून सुरुवात करेल, तेही इथं नाही. हे दोघं सुरुवात करतात ती डोंगराच्या सोंडेवरून, पाण्यापासून.

सोंडेवर चढायला अर्धा तास लागतो. वर पोचल्यावर दादा (फेरी चालवणारे, सगळे त्यांना दादाच म्हणतात) कुणाला बसू देत नाहीत. आधी उत्तरेकडे तोंड करून उभं करतात. खाली यवत, सोलापूर रस्ता, रेल्वे, आणि मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हिरवागार ऊस. मग पाठ फिरवायला लावतात. दक्षिणेला कऱ्हेचं खोरं. पिवळट माळ, बांधावरची बाभळ, मध्येच एखाद्या शेततळ्याच्या प्लॅस्टिकची चकाकी. एकाच डोंगराच्या दोन बाजू, आणि इतका फरक. पाऊस दोन्हीकडे तेवढाच, कमीच. सह्याद्रीच्या माथ्यावर जे ढग मोकळे होतात त्यांच्याकडे इथवर येईपर्यंत फारसं काही उरत नाही, आणि या पट्ट्यात वर्षाला ५०० मिलिमीटर पडला तरी लोक समाधानी असतात. फरक केला तो कालव्यानं. खडकवासल्याचं पाणी डोंगराच्या उत्तर पायथ्यानं उताराउतारानं इंदापूरकडे गेलं. डोंगर ओलांडून ते दक्षिणेला येणं शक्यच नव्हतं, कारण कालवा वर चढत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या जागी उभं राहून ऐकताना त्याचं वजन वेगळं वाटलं. दादांनी पुढे एक गोष्ट सांगितली, जी मी आता भेटेल त्याला सांगतो. डोंगराच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब मुळा-मुठेला किंवा थेट भीमेला मिळतो. दक्षिण उतारावरचा थेंब ओढ्यातून कऱ्हेला जातो, कऱ्हा जेजुरी, मोरगाव, बारामती करत सोनगावापाशी नीरेला मिळते, आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत शिरते. म्हणजे हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब इथं वेगळे होतात ते थेट इंदापूर तालुक्याच्या टोकाला भेटतात. आमच्याबरोबर हडपसरच्या एका शाळेतली सातवीतली मुलगी होती. तिनं बाटलीतलं पाणी माथ्यावरच्या खडकावर ओतलं आणि ते कुठं कुठं वाटलं जातं हे वाकून बघत राहिली. भूगोलाचा तास असा व्हायला हवा.

उतरताना ते शेतातून नेतात, आणि इथं माझ्या मते फेरीचा सर्वांत चांगला भाग येतो. दादांच्या खांद्यावर पहार असते. तीन ठिकाणी ते ती जमिनीत मारून दाखवतात. डोंगराच्या पायथ्याला बरडात पहार वीतभर जाते आणि खट्कन वाजते, खाली मुरूम. मधल्या टप्प्यावर हातभर जाते. ओढ्याकाठच्या काळ्या रानात मात्र ती स्वतःच्या वजनानं शिरते आणि बाहेर काढायला दोघं लागतात. मग प्रत्येकाला विचारतात, यातली कुठली जमीन घ्याल, आणि शेतसारा तिन्हीवर सारखा लावला तर काय होईल?

हा प्रश्न या जिल्ह्यानं सगळ्यांच्या आधी सोसला आहे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी १८२७ च्या सुमारास पुणे जिल्ह्याची पहिली शास्त्रशुद्ध म्हणवणारी मोजणी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडून करवली. उत्पन्नातून खर्च वजा करायचा आणि जे निव्वळ उरेल त्याच्या प्रमाणात सारा, असं त्याचं गणित. कागदावर सुबक, शेतात मोडकं. खालच्या नोकरांनी खोटे आकडे भरले, सारा डोईजड झाला, माणसं जमिनी टाकून निघून गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापुरातून नव्यानं सुरुवात केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. जमीन किती खोल, रंग कोणता, खडी किती, चुनखडी किती, उतार किती, हे पाहून जमिनीच्या नऊ प्रती (दर्जे) ठरवल्या. उत्तम जमीन सोळा आणे, तिथून खाली उतरत जायचं. खोली बघायची ती पहारीनंच. सारा तीस वर्षांसाठी कायम. हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. आमच्या खात्यातला माणूस आजही जुना आकारबंद (जमिनीचं क्षेत्र आणि साऱ्याची नोंद) उघडतो तेव्हा त्याच्या हातात त्या दोघांचाच वारसा असतो. पुस्तकात हे मी शिकलो होतो. पहार मारून हा धडा शिकवणारा शेतकरी मला पहिल्यांदाच भेटला, आणि मी तिथं उभ्या उभ्या त्यांना नमस्कार केला.

त्यांना मी साखळीचं सांगितलं. आमची मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी लांब आणि साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. जमिनीची प्रत आण्यात, मोजायची साखळीही आण्यात. मुलांना हे सांगताना दादांनी आता सुतळीची ३३ फुटी दोरी करून गाठी मारायचं ठरवलंय. पुढच्या रविवारी येणाऱ्यांना ती दिसावी.

नकाशाबद्दल मात्र तक्रार आहे. प्रत्येकाच्या हातात गावनकाशाची एक झेरॉक्स देतात. कल्पना उत्तम, कारण गट क्रमांक, ओढा, पाणंद, गावठाण सगळं त्यावर आहे. पण मूळ नकाशा एका इंचाला वीस साखळ्या या मापाचा, आणि झेरॉक्स करताना तो कागदात मावावा म्हणून लहान केलाय. खाली छापलेलं माप मात्र तेच राहिलं. त्यावर पट्टी ठेवून कुणी अंतर काढलं तर ते चुकणार. उपाय अगदी सोपा आहे. नकाशावर एक रेघ काढून तिच्याखाली फूट लिहायचे, मग नकाशा कितीही लहान-मोठा केला तरी रेघही त्याबरोबर लहान-मोठी होते. शिवाय उत्तर दिशेचा बाण कडेला पडून कापला गेलाय. दोन्ही गोष्टी मी त्यांच्या प्रतीवर पेन्सिलनं करून दिल्या.

पुढचा थांबा विहीर. जुनी, चौकोनी, दगडी बांधणीची, आठ परस (पुरुषभर उंचीचं माप) खोल. मोटेचं पाणी पडायचं ते दगडी थारोळं आणि मोट ओढणाऱ्या बैलांची धाव अजून शाबूत आहे, धावेवर आता गवत वाढलंय. विहिरीच्या भिंतीत इथल्या खडकाचे थर सरळ वाचता येतात. वर दोन-तीन हात माती, मग मुरूम, मग भुसभुशीत मांजऱ्या खडक, आणि तळाला काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या सांध्यांत; काळ्या पाषाणाच्या पोटात ते मावत नाही. म्हणून पाऊस झाला की विहीर भराभर भरते आणि फाल्गुनात तितक्याच भराभर उतरते. बोअर घेणारे शंभर शंभर मीटर खाली जातात आणि पुष्कळदा धूळ काढून परत येतात.

विहिरीपाशी दादांच्या आई येऊन बसतात. हा भाग ठरलेला नसतो, त्यांना बरं वाटत असेल तर येतात. १९७२ साली त्या नुकत्या लग्न होऊन या घरात आल्या होत्या. त्या जे बोलल्या ते मी आठवेल तसं देतो.

"ही हीर त्या साली पार ठणठणीत. तळाला उतरून वाटीनं पानी भरायचो. सासूबाय म्हनायच्या, कळशी भरंस्तवर दिस उगावतो."

"मग कामाला कुठं जात होता आजी?" मी विचारलं.

"त्यो समोरचा पाझर तलाव दिसतोय का? त्येच्या पायाला मी हाये. माती वाहिली, खडी फोडली. मुकादम वरडायचा. पोरास्नी सुकडी मिळायची. लाल मिलोची (परदेशी ज्वारीची) भाकरी, तोंडात फिरायची नुसती. पर त्याच भाकरीवर जगलो बगा."

त्या काळात महाराष्ट्रभर अशी कामं निघाली, आणि त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. आजींनी बांधलेला तलाव अजून पाणी धरतो. गाळ भरलाय, सांडव्याचा दगड निखळलाय, पण मी गेलो त्या मार्गशीर्षात निम्मा भरलेला होता. त्याच्या खालच्या अंगाला तीन विहिरी आहेत आणि तिन्हींना पाणी होतं. वरच्या अंगाच्या विहिरीला नव्हतं. दादा एवढंच दाखवतात आणि पुढे चालू लागतात. समजायचं ते समजतं.

इथून नायगावची दिशा दाखवतात. पाणी पंचायतीचं नाव ज्यानं ऐकलंय त्याला नायगाव सांगायला नको, पण तरुण मंडळींपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं म्हणून लिहितो. बहात्तरच्या दुष्काळात पुण्यात स्वतःचा कारखाना असलेले अभियंते विलासराव साळुंखे इथली कामं बघायला आले आणि इथलेच झाले. १९७४ मध्ये त्यांनी नायगावच्या देवस्थानाची चाळीस एकर पडीक, उताराची जमीन कसायला घेतली, उतारावर समपातळी बांध घातले, पाणी अडवलं, खाली विहीर घेतली, आणि ओसाड रान पिकवून दाखवलं. पुढे त्यातून पाणी पंचायत या नावानं गटाच्या उपसा योजना उभ्या राहिल्या. त्यांचे नियम मला आजही धाडसी वाटतात. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल. माणशी अर्ध्या एकरापुरतं, घराला फार तर अडीच एकर. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी उचलायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. मी जन्मभर जमीन मोजली. कागदावर पाणी नेहमी जमिनीला चिकटलेलं पाहिलं, विहिरीतला हिस्सासुद्धा सातबाऱ्यावर गटाखाली लागतो. माणसाला पाणी मोजून देणारी ही पद्धत ज्यांनी राबवली त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे. साळुंखे २००२ मध्ये गेले. दादांच्या वाडीत तशी योजना झाली नव्हती, आणि का झाली नाही हे ते मोकळेपणानं सांगतात. ओढ्याकाठचे चार मोठे जमीनधारक माणशी पाण्याला तयार नव्हते. स्वतःच्या चुलत्याचं घर त्यात होतं, हेही सांगतात.

आता या भागाला पुरंदर उपसा योजनेचं पाणी येतं. कोरेगाव मूळजवळ मुळा-मुठेतून उचलून ते टप्प्याटप्प्यानं वर चढवतात. म्हणजे कालव्याला जो डोंगर ओलांडता आला नाही तो अखेर विजेच्या पंपांनी ओलांडला. पण हे पाणी आपण पुणेकरांनी वापरून सोडलेलं. बादलीत घेतलं की रंग आणि वास दोन्ही कळतात. एका पुणेकर गृहस्थांनी नाक धरलं, तेव्हा वहिनी (दादांच्या पत्नी) त्या गृहस्थांना शांतपणे म्हणाल्या, "दादा, हे तुमच्याच घरनं आलंय. आम्ही याच्यावर वाटाणा घेतो आन् तो पुन्हा तुमच्याच मार्केटला येतो." हे वाक्य फेरीत दर वेळी येतं की त्या दिवशीच सुचलं, कोण जाणे. दर वेळी यावं.

वाटाणा, पावटा, घेवडा, कांदा, बाजरी, हरभरा ही इथली पिकं. अंजिराची रानं इथं कमी. ती पाहायची तर पश्चिमेला दिवे, सिंगापूर, गुरोळीकडे जावं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेरीत याबद्दल फार बोलत नाहीत, आणि मला ते योग्य वाटलं. जे आपल्या शिवारात नाही त्याच्या नावावर पैसे घेऊ नयेत.

गावठाणात शिरल्यावर एका पडवीत बसवतात. भिंतीवर दादांच्या घराण्याचे कागद काचेत लावले आहेत, सगळ्या प्रती, मूळ कागद पेटीत. हे काम कुणी नीट जाणणाऱ्यानंच मांडलंय. एकोणिसाव्या शतकातलं टिपण (मोजणीचा शेतावरचा कागद), त्यावर त्रिकोण पाडून काढलेलं शेत. मग गहाणखत. मग पुढच्या काळातले फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी), एकाखाली एक. त्या फेरफारांतून एका कुटुंबाचं पूर्ण शतक दिसतं. कर्ज, बोजा, वारस, वाटणी, विक्री, परत खरेदी. कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ नंतर लागलेलं नाव. गटवारी योजनेनंतर (जमिनीचे तुकडे एकत्र करून गट पाडल्यावर) बदललेले क्रमांक. मी प्रत्येक ओळ वाचली आणि बाकीच्यांचा खोळंबा होतोय हे कळत असूनही मला उठवेना.

गहाणखताच्या निमित्तानं दादा सुप्याचं सांगतात. इथून पूर्वेला सुपे, तेव्हा भीमथडी तालुक्यात. इंदापूरच्या बंदोबस्ताची (ठरवून दिलेल्या साऱ्याची) तीस वर्षं १८६०च्या दशकात संपली, फेरबंदोबस्तात सारा वाढला, नंतर शेतमालाचे भाव पडले, सावकारांनी हात आखडला आणि कोर्टातून वसुली लावली. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चालून जाऊन कर्जखतं जाळली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांना सावकाराच्या जिवापेक्षा त्याचा कागद हवा होता, हे त्या उठावातलं मला सर्वांत बोलकं वाटतं. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा त्यानंतर आला. दरम्यान १८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडून गेला होता. सकाळी पहारीनं दाखवलेली प्रत, तिच्यावरचा सारा आणि हे जळलेले कागद, हा धागा दादांनी सकाळपासून हातातून सुटू दिला नाही.

आता जिथं मला ही फेरी कमी वाटली ते.

गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्ती आहे. जुन्या नकाशावर तिला महारवाडा लिहिलंय. अशी जातिवाचक नावं बदलायचा निर्णय शासनानं २०२० मध्ये घेतला, इथंही नवं नाव लागलंय. फेरी तिथं पोचते ती सर्वांत शेवटी, जेवणाच्या आधी, ऊन चढलेलं आणि पोटात कावळे. पंधरा मिनिटं. तिथले एक वयस्कर तात्या बोलायला येतात, आणि त्या पंधरा मिनिटांत त्यांनी जे सांगितलं ते बाकीच्या सकाळीला पुरून उरेल असं होतं.

गावाची शीव, म्हणजे हद्द, कुणाला ठाऊक असायची? गावोगावी शिवेचा तंटा उठला की महार वतनदाराला पुढे करायचे, त्यानं चालून दाखवलेली शीव दोन्ही गावं मान्य करायची. जमिनीतली खूण, पुरलेला दगड, झाडाचं खोड, हे सगळं त्याच्या घराण्याच्या स्मरणात. आमच्या खात्याच्या आधीचे भूकरमापक तेच. शिवाय निरोप्याचं काम, सरकारी माणसाची सरबराई, सारा पोचवणं, रात्रंदिवस राबणं, आणि मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि बलुतं. या वतनाच्या वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणलं होतं. वतनं प्रत्यक्षात गेली ती कनिष्ठ गाववतनं नष्ट करण्याच्या १९५८ च्या कायद्यानं. जमीन नव्या आणि अविभाज्य शर्तीवर परत दिली गेली, म्हणजे विकायची-वाटायची तर सरकारची परवानगी. तात्यांच्या घरची जमीन कुठं आहे, विचारलं. त्यांनी डोंगराच्या पायथ्याकडे हात केला. जिथं सकाळी पहार वीतभर गेली होती, तिथं.

"शीव दाखवायला आमाला पुढं बोलवायचे," तात्या म्हणाले, "जमीन देताना मात्र मागं."

तात्यांना सकाळी सोंडेवर आणा, असं मी दादांना जेवताना सांगितलं. वरून सगळी शीव दिसते. ती त्यांच्या तोंडून ऐकली, मग पहारीचा धडा घेतला, तर त्या तीन ठिकाणच्या जमिनी कुणाकुणाच्या आहेत हा प्रश्न लोक आपणहून विचारतील. तात्यांना डोंगर चढवत नसेल तर वस्तीवरून सुरुवात करा, चहा तिथं घ्या. आणि त्यांना मानधन द्या. दादा म्हणाले, मानधन देतो. बाकीचं बरोबर आहे, क्रम बदलतो. वहिनी म्हणाल्या, "मी ह्यांना दोन वर्सं हेच सांगती." मला वाटतं क्रम बदलेल.

जेवणाबद्दल थोडक्यात : बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, पावट्याची आमटी, ठेचा, कांदा, ताक. शेंगोळी अशी की मी दुसऱ्यांदा मागून घेतली. मुलांसाठी कमी तिखट वेगळं काढून ठेवतात, पण ते आधी सांगायला हवं. बसायला सतरंजी, गुडघ्याचा त्रास असेल त्यांना दोनच खुर्च्या आहेत, आणखी चार-पाच हव्यात. स्वच्छतागृह एक आणि स्वच्छ, पण वीस माणसांना अपुरं.

विमानतळाचा विषय निघाल्याशिवाय पुरंदरमध्ये आता जेवण होत नाही. वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव ही सात गावं त्या प्रकल्पात आहेत. महात्मा फुल्यांच्या घराण्याचं खानवडीही त्यांत आलं. ही वाडी त्या यादीत नाही, पण इथल्या पुष्कळांच्या सोयरिकी त्या गावांत आहेत, आणि पंगतीत आवाज चढतात. दादा स्वतः यावर मत देत नाहीत. फक्त म्हणाले की अशी फेरी त्या सातही गावांत आत्ताच कुणीतरी करून, लिहून, ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवी. मोजणीच्या नकाशावर गट क्रमांक राहतील, पण कोणत्या विहिरीला कुणी वाटीनं पाणी भरलं ते राहणार नाही. त्यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्यासारखे निवृत्त भूकरमापक, शिक्षक, ग्रामसेवक पुण्यात शेकड्यांनी आहेत. त्यांनी रविवार द्यावेत. मी देणार आहे, ज्यांना बरोबर यायचं असेल त्यांनी कळवावं.

जाणाऱ्यांसाठी : हडपसरहून गाडीनं सव्वा तास धरा. सोलापूर रस्त्यानं यवतपर्यंत आणि तिथून भुलेश्वरचा घाट चढून येणं चांगलं, म्हणजे उत्तरेचा ऊस आणि दक्षिणेचा माळ येतानाच दिसतो. दिवे घाट आणि सासवडकडूनही येता येतं. भुलेश्वराचं देऊळ बघायचं तर दुपारी परतताना. पायात बूट हवेत, कुसळं आणि बाभळीचे काटे भरपूर. दोन लिटर पाणी प्रत्येकी. श्रावण ते पौष हा काळ उत्तम. फाल्गुनापासून फेरी सकाळी साडेसहाला सुरू होते, तेव्हा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आदल्या रात्री सासवडला मुक्काम करावा. एका रविवारी वीसच माणसं घेतात आणि दिवाळीच्या सुट्टीतले रविवार आधीच भरतात. फोन नंबर इथं जाहीर टाकत नाही, हवा असेल त्यांनी मला विचारावा. आणि नकाशाची झेरॉक्स हातात आली की खाली माप दाखवणारी रेघ आहे का, ते बघून मला जरूर कळवा.